विश्लेषण : घराच्या आवारातील कामांसाठी गोल्फ कार्ट… पेट्रोलची घ्यावी की बॅटरीची?

अमेरिकेत शहराबाहेर दोन-चार एकरांच्या आवारातले घर घेतले, की पहिल्या वर्षभरातच एक अडचण लक्षात येते. कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत न्यायचा, वादळात पडलेल्या फांद्या गोळा करायच्या, मागच्या वाफ्यापर्यंत पाण्याचे ड्रम पोहोचवायचे. या कामांना मोटार चालत नाही आणि हातगाडीने कंबर धरते. म्हणूनच तिथल्या अनेक घरांच्या गॅरेजमध्ये गोल्फ कार्ट दिसते. तिचा खेळाशी काही संबंध नसतो. जुनी घेतली तरी काही हजार डॉलर मोजावे लागतात. त्यात निवड चुकली, तर दोन वर्षांत बॅटऱ्यांचा नवा संच घ्यावा लागतो किंवा गाडी वसंत ऋतूत सुरूच होत नाही. पेट्रोल आणि बॅटरी यांतले नेमके अंतर काय, याचा हा आढावा.

गोल्फ कार्ट मैदानाबाहेर कशी आली?

चालता न येणाऱ्या किंवा लवकर दमणाऱ्या खेळाडूंसाठी ही गाडी निघाली. १९५०च्या दशकात अमेरिकेत तिचे व्यावसायिक उत्पादन जोमाने सुरू झाले. ‘ई-झी-गो’ ही कंपनी १९५४ मध्ये जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा शहरात सुरू झाली. तिची प्रतिस्पर्धी ‘क्लब कार’ही पुढे याच शहरात स्थिरावली. ‘यामाहा’चा या गाड्यांचा अमेरिकेतील कारखानाही जॉर्जियातच, न्यूनन येथे आहे.

गोल्फ मैदाने या गाड्या बहुधा काही वर्षांच्या भाडेकरारावर घेतात. करार संपला की शेकडो गाड्या एकदम जुन्या बाजारात येतात. विक्रेते त्या रंगवतात, मागे सामानाची पेटी किंवा जादा आसन बसवतात आणि घरमालकांना विकतात. फ्लोरिडातील ‘द व्हिलेजेस’ या ज्येष्ठांच्या वसाहतीत आणि जॉर्जियातील पीचट्री सिटीत तर कार्टसाठी स्वतंत्र मार्गांचे जाळे आहे. पण या लेखाचा विषय त्याहून साधा आहे: घराच्या कुंपणाच्या आत करायची रोजची कामे.

‘गॅस कार्ट’ म्हणजे सिलिंडरवर चालणारी गाडी का?

नाही. अमेरिकी बोलीत ‘गॅस’ म्हणजे गॅसोलिन, आपल्या भाषेत पेट्रोल. त्यामुळे जाहिरातीत ‘गॅस कार्ट’ लिहिलेले असेल, तर ती पेट्रोलची गाडी समजावी. तिचा सीएनजी किंवा एलपीजीशी संबंध नाही. मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेत राहायला गेलेल्या आई-वडिलांचा इथे हमखास गोंधळ होतो.

दोन्ही गाड्या चालतात कशा?

बॅटरीच्या गाडीत आसनाखाली बॅटऱ्यांचा संच असतो. ३६ व्होल्टच्या गाडीत ६ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या असतात. ४८ व्होल्टच्या गाडीत ८ व्होल्टच्या सहा किंवा १२ व्होल्टच्या चार. पायाखालचे पॅडल दाबले, की नियंत्रक मोटारीला वीज सोडतो. मोटार मागच्या चाकांना फिरवते. नव्या गाड्यांतील एसी मोटार उतारावर वेग आवरते आणि त्यातून थोडी वीज बॅटरीत परतही पाठवते.

पेट्रोलच्या गाडीत बहुतेकदा लहान, एका सिलिंडरचे इंजिन असते. स्कूटरप्रमाणे पट्टा आणि दोन पुली यांच्या मदतीने ते चाके फिरवते. बऱ्याच मॉडेलमध्ये पॅडल दाबले की इंजिन सुरू होते आणि पाय काढला की बंद पडते. म्हणजे गाडी उभी असताना पेट्रोल जळत नाही. मात्र दर दहा पावलांवर थांबून फांद्या उचलायच्या असतील, तर प्रत्येक वेळी इंजिन नव्याने सुरू होते. स्टार्टर, पट्टा आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी यांच्यावर त्याचा ताण येतो. हो, पेट्रोलच्या गाडीतही बॅटरी असते. ती उतरली तर टाकी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

स्वस्त कोणती पडते?

‘विजेची गाडी चालवायला जवळपास फुकट’ असे विक्रेते सांगतात. ते अर्धेच खरे आहे. एक हिशेब मांडून पाहू. त्यातले आकडे गृहीत धरलेले आहेत. आपापल्या भागातले दर घालून तो प्रत्येकाने करावा.

समजा, रोज पाच मैल याप्रमाणे वर्षातले २०० दिवस गाडी चालली. म्हणजे वर्षाला १,००० मैल, सुमारे १,६०० किलोमीटर. पेट्रोलची गाडी गॅलनला ३० मैल देते आणि गॅलनचा भाव सव्वातीन डॉलर आहे असे धरले, तर वर्षाला सुमारे ३३ गॅलन, म्हणजे साधारण १०८ डॉलर लागतील. तेल, फिल्टर, स्पार्क प्लग आणि अधूनमधून पट्टा यांचे सरासरी ९० डॉलर धरू. एकूण झाले १९८.

बॅटरीच्या गाडीला चार्जिंगमधली घट धरून मैलामागे पाव युनिटाहून थोडी जास्त वीज लागली, तर वर्षाला सुमारे २७० युनिट होतात. १७ सेंट दराने बिल येते ४६ डॉलर. इथपर्यंत विजेची गाडी स्पष्टपणे स्वस्त आहे. पण लेड-ॲसिड बॅटऱ्यांचा संच चार ते सहा वर्षांत संपतो. नवा संच १,२०० डॉलरचा आणि आयुष्य पाच वर्षे धरले, तर वर्षाला २४० डॉलर बॅटरीपोटीच जातात. एकूण झाले २८६. दोन हजार डॉलरचा लिथियम संच दहा वर्षे टिकला, तर विजेसह साधारण २४० पर्यंत जाईल.

थोडक्यात, बॅटरीच्या गाडीचे खरे इंधन वीज नाही, बॅटरीची झीज आहे. ती दर महिन्याच्या बिलात दिसत नाही, पाच वर्षांनी एकदम समोर येते. तरीही तिन्ही पर्यायांतला फरक वर्षाला शंभर डॉलरच्या आतच राहतो. म्हणून केवळ पैशांवरून निवड करण्यात अर्थ नाही. निवड कामावरून करावी.

ओझे आणि चढ यांचे काय?

सर्वसाधारण गोल्फ कार्टची वाहनक्षमता सुमारे ८०० पौंड, म्हणजे ३६० किलोच्या आसपास असते. त्यात बसलेली माणसेही धरलेली असतात, हे अनेक जण विसरतात. दोन माणसांचे दीडशे किलो वजा केले, तर सामानाला दोनशे किलो उरतात. ५० गॅलन पाण्याने भरलेला एक ड्रमच १९० किलोचा होतो. ओले लाकूड किंवा ओली माती पेटीत काठोकाठ भरली, तर मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही.

चढाच्या बाबतीत मोठा गैरसमज आहे. बॅटरीची गाडी चढावर ‘दमते’ असे म्हटले जाते. वस्तुतः विद्युत मोटार अगदी कमी वेगातही पूर्ण जोर लावते. त्यामुळे सुस्थितीतली बॅटरीची गाडी चढ उत्तम चढते. अडचण मोटारीची नसून बॅटरीची असते. चढावर ती एकदम जास्त वीज उपसते, आणि लेड-ॲसिड बॅटरीतून वीज जितक्या वेगाने काढावी तितकी तिची क्षमता कमी मिळते. ८ व्होल्टच्या एका प्रचलित बॅटरीचेच उदाहरण घेऊ. वीस तासांत सावकाश वापरली, तर ती १७० अँपिअर-तास देते. पाच तासांत उपसली तर १४५ वरच थांबते. म्हणजे दिवसभर चढ-उतार आणि ओझे असेल, तर गाडी चढेल, पण लवकर रिकामी होईल. पेट्रोलच्या गाडीला हा प्रश्न नसतो. ती पेट्रोल जास्त खाते, एवढेच.

ट्रेलर ओढण्याचे काम मात्र वेगळे आहे. मैदानावरच्या साध्या कार्टची चौकट, ब्रेक आणि मागचा आस त्यासाठी बनवलेले नसतात. रोज ओढकामच असेल, तर त्याच कंपन्यांच्या कामाच्या गाड्या पाहाव्यात. क्लब कारची ‘कॅरीऑल’, कुशमनची ‘हॉलर’ ही त्यांची उदाहरणे. त्यांना मागे सामानाची मोठी पेटी आणि मजबूत स्प्रिंग असतात. चिखल, बर्फ, खाचखळग्यांची शेतवाट असेल, तर कार्टचा हट्ट सोडून चारही चाकांना शक्ती देणारी युटिलिटी गाडी घेणे शहाणपणाचे. कार्टमध्ये जोर फक्त मागच्या चाकांना मिळतो.

वजनाचाही विचार हवा. सहा लेड-ॲसिड बॅटऱ्यांचेच वजन १७० किलोच्या घरात जाते. पावसानंतर मऊ झालेल्या हिरवळीत अशी गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा आधी रुतते. लिथियम संच बसवला, तर हे वजन निम्म्याहून कमी होते.

बॅटरी किती वेळ पुरते?

वर उल्लेखलेला ४८ व्होल्टचा संच नवा असताना साधारण सात युनिट वीज देतो. पण लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करू नये. रोज तळाला जाऊ दिली, तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे हाताशी राहतात साडेतीन युनिट. सपाट जमिनीवर त्यात १५ ते १८ मैल जाता येते. ओझे आणि चढ असेल, तर त्याच्या निम्मे धरावे. बॅटऱ्या जुन्या झाल्या, की तेही कमी होते.

दोन-चार एकरांच्या आवारात एवढे अंतर बहुधा पुरते. एक एकर म्हणजे आपले ४० गुंठे. चार एकरांच्या चौरस आवाराला एक पूर्ण फेरी मारली, तरी अर्ध्या किलोमीटरच्या आसपासच भरते. दिवसाला वीस फेऱ्या म्हणजे दहा किलोमीटर. म्हणूनच ‘बॅटरी पुरेल का’ यापेक्षा ‘मध्येच संपली तर किती अडचण होईल’ हा प्रश्न जास्त उपयोगाचा. सामान्य चार्जरला रिकामा संच पूर्ण भरायला आठ-दहा तास लागतात. पेट्रोलची टाकी दोन मिनिटांत भरते. वादळानंतर दिवसभर सलग झाडे हटवायची असतील किंवा वीजच गेली असेल, तर पेट्रोलच्या गाडीचे महत्त्व कळते.

लेड-ॲसिड घ्यावी की लिथियम?

लेड-ॲसिड संच स्वस्त असतो, सगळीकडे मिळतो आणि बिघडलेली एखादी बॅटरी वेगळी ओळखता येते. पण तिला सतत लक्ष द्यावे लागते. दर महिन्याला पाण्याची पातळी पाहायची, कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचे. नळाचे पाणी चालत नाही. पाणी चार्जिंग झाल्यावर घालावे. आधी घातले तर चार्ज होताना आम्ल उतू जाते. पाणी इतके उतरले असेल की आतल्या पट्ट्या उघड्या दिसतात, तर मात्र त्या झाकण्यापुरते आधी घालावे. टोकांवर जमणारा पांढरा-हिरवट थर साफ करावा लागतो. हे करताना हातमोजे आणि चष्मा हवाच.

लिथियम संचात, कार्टसाठी बहुधा लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारात, पाणी घालण्याचे काम नाही. वजन कमी, चार्जिंग जलद आणि आयुष्य दुपटीहून अधिक. पण जुन्या गाडीत तो बसवताना दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, चार्जर त्याच प्रकारच्या बॅटरीसाठी बनलेला असावा. लेड-ॲसिडचा जुना चार्जर तसाच वापरू नये. दुसरी, बॅटरीतील संरक्षक यंत्रणा, म्हणजे बीएमएस, गाडीच्या नियंत्रकाला लागणारा कमाल प्रवाह देऊ शकते का, ते पाहावे. स्वस्त संच अनेकदा तिथेच कमी पडतात. मग भरल्या ओझ्याने चढ चढताना बीएमएस वीज तोडते आणि गाडी चढावरच बंद पडते.

थंडीत आणि बंद ठेवल्यावर कोणती टिकते?

मिनेसोटा, मिशिगन, न्यूयॉर्कचा उत्तर भाग अशा ठिकाणी निवडीचा हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा ठरतो. थंडीत लेड-ॲसिड बॅटरीची क्षमता घटते. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी कडक थंडीतही गोठत नाही. रिकामी सोडलेली मात्र शून्याखाली थोड्याच अंशांत गोठून फुटू शकते, कारण आम्ल पाण्यासारखे पातळ झालेले असते. लिथियमची अडचण निराळी आहे. शून्य अंश सेल्सियसखाली ती चार्ज करू नये. आत कायमचे नुकसान होते. चांगल्या संचात अशा वेळी चार्जिंग आपोआप थांबते, काहींत गरम ठेवण्याची सोयही असते.

पेट्रोलच्या गाडीचा शत्रू थंडी नाही, बंद ठेवणे आहे. अमेरिकेतील बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा ओढून घेते. गाडी तीन-चार महिने उभी राहिली, तर कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट थर जमतो. ‘मागच्या हंगामात छान चालत होती, आता सुरूच होत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुधा इथे असते. उभी ठेवण्यापूर्वी पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर घालून इंजिन थोडा वेळ चालवावे किंवा कार्ब्युरेटर रिकामा करावा. इंजेक्शन पद्धतीच्या नव्या इंजिनांत हा त्रास कमी होतो. पट्ट्याच्या आणि हवेच्या फिल्टरच्या जागेत उंदीर घर करतात, तेही पाहावे.

म्हणजे सरळ सांगायचे तर, बॅटरीची गाडी वर्षभर थोडी थोडी वापरणाऱ्याला जास्त मानवते आणि पेट्रोलची गाडी हंगामात भरपूर वापरणाऱ्याला. दोन्ही विसरून ठेवल्या तर दोन्ही बिघडतात.

आवाज, धूर आणि गॅरेज यांचे काय?

घोडे, कोंबड्या, शेळ्या पाळणाऱ्यांना बॅटरीची गाडी सोयीची पडते. जनावरे बुजत नाहीत. पहाटे शेजाऱ्यांची झोप मोडत नाही. गोठ्यात किंवा काचघरात थेट आत नेता येते. पेट्रोलची गाडी बंद जागेत चालवणे जीवघेणे ठरू शकते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. ‘दोन मिनिटे गरम होऊ द्या’ म्हणून बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये. गॅरेज घराला लागून असेल, तर घरात कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र हवेच. पेट्रोलची कॅन वॉटर हीटरच्या जवळ ठेवू नये.

बॅटरीची गाडीही अगदीच निर्धोक नाही. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते. तो साचला आणि ठिणगी पडली, तर स्फोट होतो. चार्जिंगच्या जागी हवा खेळती हवी. चार्जर बारीक एक्स्टेंशन वायरवर लावू नये. ती तापते. गाडी उभी राहते तिथे स्वतंत्र सर्किटचा सॉकेट नसेल, तर इलेक्ट्रिशियनचा खर्च गाडीच्या किमतीत आधीच धरावा. घरापासून दूरच्या शेडमध्ये वीज नेण्याचा खर्च कधी कधी जुन्या गाडीइतका येतो. ज्यांना हे जमणारे नाही, त्यांच्यापुरता निर्णय इथेच पेट्रोलच्या बाजूने लागतो.

नियमांचा कलही पाहावा. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये केलेल्या कायद्याच्या आधारे गवत कापणी यंत्रे, पाने उडवणारी यंत्रे अशा लहान पेट्रोल इंजिनांच्या नव्या यंत्रांवर २०२४च्या मॉडेलपासून कठोर निर्बंध आले. त्यामुळे आपल्या राज्यात नवी पेट्रोल गाडी मिळते का, हे आधी विचारावे.

जुनी गाडी घेताना काय पाहावे?

रंग आणि आसने पाहून फसू नये. बॅटरीच्या गाडीत सर्वप्रथम बॅटरीवरची तारीख शोधावी. अनेक कंपन्या एक अक्षर आणि एक अंक ठोकतात. अक्षर महिना सांगते, अंक वर्ष. चार वर्षांहून जुना लेड-ॲसिड संच असेल, तर त्याची किंमत शून्य समजून भाव करावा. गाडी पूर्ण चार्ज करून ठेवायला सांगावी. दोन माणसे बसवून चढावर न्यावी आणि लगेच प्रत्येक बॅटरीचा दाब मीटरने वेगवेगळा मोजावा. एखादी इतरांपेक्षा ठळकपणे खाली असेल, तर संच शेवटाकडे आला आहे. सहापैकी एकच नवी घालून भागत नाही. जुन्या पाच तिलाही खाली ओढतात. पुढच्या भागातली चौकट आणि बॅटरीचा ट्रे गंजला आहे का, हे वाकून पाहावे. आम्ल लोखंड खाते.

पेट्रोलची गाडी थंड असताना सुरू करून पाहावी. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवली असेल, तर संशय घ्यावा. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळते. पॅडल दाबल्यावर पट्टा घसरून कर्कश आवाज येतो का, ते ऐकावे. टाकीतल्या पेट्रोलचा वास घ्यावा. आंबूस वास असेल, तर कार्ब्युरेटर उघडायची तयारी ठेवावी. दोन्ही गाड्यांत अनुक्रमांक पाहून मूळ वर्ष ताडून घ्यावे. ‘रिफर्बिश्ड’ या शब्दाला कायदेशीर असा एकच अर्थ नाही. काय नवे घातले, त्याची लेखी यादी मागावी.

अलीकडे स्वस्त चिनी लिथियम गाड्यांनी बाजार भरला होता. अमेरिकी उत्पादकांनी २०२४ मध्ये तक्रार केली आणि २०२५ मध्ये या गाड्यांवर जादा शुल्क लागले. अशी गाडी घेतली असेल वा घ्यायची असेल, तर सुटे भाग आणि हमी कोण देणार, हा प्रश्न किमतीपेक्षा मोठा आहे.

सुरक्षा आणि कायदा काय सांगतो?

अमेरिकेतील मानकानुसार गोल्फ कार्टचा वेग ताशी १५ मैलांच्या आत असतो. ताशी २० ते २५ मैल जाणाऱ्या चारचाकीला केंद्रीय नियमांत १९९८ पासून ‘लो-स्पीड व्हेईकल’ असा वेगळा वर्ग आहे. तिला दिवे, आरसे, सीटबेल्ट आणि वाहन क्रमांक लागतो. स्वतःच्या आवारात कार्ट चालवायला सहसा आडकाठी नसते. पण समोरचा रस्ता ओलांडून टपालपेटीपर्यंत जायचे असेल, तर राज्य आणि काउंटीचे नियम लागू होतात. ते ठिकाणागणिक बदलतात. घराचा विमा कार्टचा अपघात झाकतो का, हेही एजंटाकडून लेखी घ्यावे.

बऱ्याच कार्टना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. ओल्या उतारावर ओझे भरलेली गाडी त्यामुळे घसरते. उतारावर आडवे वळण घेतल्यास उलटते. मागच्या पेटीत मुलांना बसवू नये. बाजू उघड्या असल्याने वळणावर मूल सहज बाहेर फेकले जाते. आणखी एक धोका पाहुण्यांसाठी आहे. किल्ली चालू असेल, तर पॅडलवर पाय पडताच गाडी उडी घेते. बॅटरीची गाडी तर काहीच आवाज करत नाही आणि पॅडलने सुरू होणारी पेट्रोलची गाडीही उभी असताना शांतच असते. शांत आहे म्हणजे बंद आहे, असे समजू नये. भारतातून आलेल्या आई-वडिलांना आणि नातवंडांना पहिल्याच दिवशी हे दाखवावे आणि उतरताना किल्ली काढून घेण्याची सवय लावावी.

आपल्याकडे निवड वेगळी का?

महाराष्ट्रात ही गाडी ‘बग्गी’ किंवा ‘बॅटरीची गाडी’ म्हणून ओळखली जाते. मोठी रेल्वे स्थानके, रिसॉर्ट, रुग्णालयांची आणि विद्यापीठांची आवारे इथे ती दिसते. आपल्याकडे ती जवळपास सगळी बॅटरीवरचीच. पुण्याची कायनेटिक ग्रीन ही कंपनीही इटलीच्या टोनिनो लॅम्बोर्गिनीसोबत या व्यवसायात उतरली आहे. कृषी पर्यटन केंद्र किंवा मोठे फार्महाऊस चालवणाऱ्यांना पेट्रोलचा पर्याय सहजी मिळत नाही आणि लिटरमागे शंभरावर गेलेल्या भावात तो परवडतही नाही.

इथला शत्रू थंडी नसून उष्णता आहे. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये उभी ठेवलेली बग्गी म्हणूनच लवकर थकते. कोकणातल्या उताराच्या बागांत, पावसाळ्यातल्या जांभ्याच्या निसरड्या वाटांवर तर कार्ट आणूच नये. ती सपाट, पक्क्या वाटेची गाडी आहे.

मग निवड कशी करावी?

गाडी पाहायला जाण्यापूर्वी एक आठवडा वहीत नोंद ठेवावी: कोणते काम, किती अंतर, किती ओझे, किती वेळा थांबावे लागले. त्यावरून उत्तर बरेचसे आपोआप मिळते.

• आवार पाच एकरांच्या आत, वाट बहुतांशी सपाट, गॅरेजमध्ये सॉकेट, रोज थोडे थोडे काम, घरात ज्येष्ठ किंवा जनावरे असतील, तर बॅटरीची गाडी.

• हेच सगळे, पण पाणी घालणे, टोके साफ करणे लक्षात राहणार नसेल, तर जास्त पैसे मोजून लिथियम.

• आवार मोठे, सतत चढ, दिवसभर सलग काम, शेडपर्यंत वीज नाही किंवा वादळात वीज जाते आणि तेल-फिल्टर बदलायला हात तयार असतील, तर पेट्रोलची गाडी.

• रोज ट्रेलर, चिखल आणि बर्फ असेल, तर यांपैकी कोणतीच नाही. युटिलिटी गाडी घ्यावी.

दोन्ही पारड्यांत वजन सारखेच वाटत असेल, तर घराजवळ कोणत्या गाडीचा मेकॅनिक आहे ते पाहावे. बिघडलेली कार्ट ट्रेलरवर घालून पन्नास मैल न्यावी लागली, की पेट्रोल आणि बॅटरीचा सगळा हिशेब त्या एका फेरीतच फिटतो.